डिपस्टिक पुसणारा माणूस

जुनी गाडी विकत घ्यायची म्हणून बघितलेल्या पहिल्या गाडीचा मालक तब्बल पंचवीस मिनिटं माझ्या भाच्याशी बोलत होता. क्लच कधी बदलला, पिकअप कसा आहे, टप किती सेकंदांत उघडतो, सगळं त्यालाच. भाचा एकोणीस वर्षांचा, ऑटोमॅटिकपलीकडे काही चालवता न येणारा, गंभीर चेहऱ्याने मान डोलवत होता. शेवटी मालकाने किल्ली त्याच्यापुढे धरली तेव्हा तो म्हणाला, "गाडी मावशी घेतेय. मी नुसता सोबत आलोय."

मालकाचा चेहरा पडला, पण माझं काम तोवर झालं होतं. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नसल्यामुळे मी निवांत गाडीभोवती फिरून चारही टायर वाचले होते. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे चार टायर चार कंपन्यांचे होते आणि सगळ्यात जुना अकरा वर्षांचा. मागच्या चाकांवर जोर असलेल्या, वळणावर आधीच थोड्या तापट स्वभावाच्या गाडीला मागे दोन वेगवेगळे टायर लावणारा माणूस बाकी कशात काटकसर करत असेल, याचा अंदाज बांधायला बॉनेट उघडायची गरज नव्हती. तरी उघडलं. अंदाज बरोबर निघाला. पुढे वर्षभर मी भाच्याला मुद्दाम सोबत न्यायचे. त्याच्याशी बोलण्यात मालक रमला की मला वाकून, गुडघ्यावर बसून बघता यायचं.

शोध होता होंडा एस२०००चा. १९९५च्या टोकियो मोटर शोमध्ये तिचं प्रारूप दाखवलं गेलं, १९९९मध्ये ती रस्त्यावर आली आणि २००९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. दोन सीटा, कापडी टप, इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना आणि सहा गिअर, तेही हातानेच टाकायचे. ऑटोमॅटिक या गाडीला कधी मिळालंच नाही. सुरुवातीच्या गाड्यांत १,९९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. टर्बो नाही, तरी युरोपात विकलेल्या आवृत्तीत ८,३०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, २४० हॉर्सपॉवर. तांबडी रेघ, ज्यापुढे इंजिन न्यायचं नाही ती, ९,०००वर. सहा हजारांच्या आसपास व्हीटेक, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) कशा उघडायच्या ते बदलणारी होंडाची यंत्रणा, कॅमच्या दुसऱ्या, जास्त उंच उंचवट्यावर जातं आणि तिथून पुढे आवाजच वेगळा होतो. त्या आवाजासाठी मी वीस वर्षं थांबले होते. आणखी काही महिने थांबायला माझी हरकत नव्हती. झाले चौदा.

अशा गाडीची गोची ही, की जोरात चालवण्यात तिचं नुकसान नाही. ती त्यासाठीच बनवली आहे. नुकसान होतं ते थंड इंजिनावर जोर काढल्याने, ऑइल न बघितल्याने आणि एका विशिष्ट चुकीने. समजा, तिसऱ्या गिअरमध्ये साडेआठ हजारांवर आहात, चौथा टाकायला गेलात आणि घाईत हात चुकून दुसरा लागला. आता चाकंच इंजिनाला ओढत नेतात. इंजिन फार वेगाने फिरू नये म्हणून असलेला लिमिटर इंधन तोडतो, पण चाकांना तो काय करणार? गिअरच्या दातांचं गणित मांडलं तर इंजिन साडेअकरा हजारांच्या पुढे जातं. व्हॉल्व्ह स्प्रिंग धरून ठेवणारी नखाएवढी चकती, रिटेनर म्हणतात तिला, अशा वेळी तडकू शकते. तडकली तरी गाडी त्या दिवशी बंद पडेलच असं नाही. कित्येकदा नंतर ती नीट चालत राहते, विकलीही जाते, आणि व्हॉल्व्ह निसटून पिस्टनवर पडतो तो नव्या मालकाच्या राज्यात.

म्हणून जाहिरातीतल्या चकचकीत फोटोंवरून मला काही कळायचं नाही. मला हवा होता तो गेल्या वीस वर्षांतला एक सेकंद, जो घडला की नाही हे सांगायला कुणी बांधील नव्हतं.

सुरुवातीला मी यंत्रांवर विसंबले. रंगाची जाडी मोजायचं एक स्वस्त यंत्र घेतलं. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या घरात असतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट आकडा आला की तिथे परत रंगकाम झालंय, आणि हजाराच्या पुढे गेला की खाली पुट्टी. तिसऱ्या गाडीवर दरवाजे, मागची पाखं, डिकी, सगळीकडे छान आकडे आले. बॉनेटवर मात्र यंत्र आकडाच दाखवेना. इकडे लावलं, तिकडे लावलं, नुसत्या रेघा. मी सरळ उभी राहिले आणि मालकाला ऐकवलं, "बॉनेटवर जाड पुट्टी आहे. ॲक्सिडेंट लपवलाय तुम्ही."

तो काही बोलला नाही. घरात गेला, फ्रिजच्या दारावरचा एक चुंबक घेऊन आला, बॉनेटवर ठेवला. चुंबक घसरून खाली पडला. मग तोच दरवाज्यावर लावला, चिकटला. "बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं या गाडीला," एवढंच म्हणाला. माझं यंत्र फक्त लोखंडी पत्र्यावर चालणारं होतं. भाचा दुसरीकडे बघत होता. गाडी बरी होती, पण त्या माणसाशी व्यवहार करायचं तोंड मला राहिलं नाही. परतताना भाच्याने फक्त एकदा विचारलं, "मावशी, चुंबक घेऊन ठेवूया का आपण?"

त्यानंतर मी यंत्रं कमी वापरली आणि फोन जास्त. गाडी बघायला जाण्याआधी फोनवर एकच प्रश्न पक्का केला: "शेवटचं टॉप-अप कधी केलंत?" टॉप-अप म्हणजे कमी झालेलं ऑइल वरून घालणं; ऑइल कधी बदललं, हे विचारत नव्हते. त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. हे इंजिन वरच्या आरपीएमला थोडंफार ऑइल पितं, हे या गाडीच्या मालकांत सर्वांना माहीत आहे. पेट्रोलच्या दर दोन-तीन टाक्यांमागे डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघणं हा त्यातला साधा शिरस्ता. त्यामुळे "आमची गाडी ऑइल अजिबात खात नाही हो," असं कुणी अभिमानाने सांगितलं, की मी मनात म्हणायचे, तुम्ही बघितलंच नाहीये. या एका प्रश्नाने माझ्या निम्म्या चकरा वाचल्या. एकाने तर उलट विचारलं, "डिपस्टिक कुठे असते यात?"

पाचव्या गाडीला सर्व्हिस बुक होतं, आणि तेही शेवटपर्यंत भरलेलं. मी हरखले. मालक हातपाय धुवायला आत गेला तेवढ्यात ते उजेडात धरून पाहिलं. सात वर्षांच्या नोंदी, सगळ्या एकाच निळ्या बॉलपेनने. शाईचा ठिपका जिथे फुटत होता तो प्रत्येक ओळीत तसाच फुटत होता. शिक्क्याचा कलही प्रत्येक पानावर तेवढाच. आणि घाईत लिहिणाऱ्याची नजर चुकली होती: चौथ्या नोंदीत जेवढे किलोमीटर होते, पाचवीत त्याहून नऊशे कमी. गाडी वर्षभर रिव्हर्समध्येच चालवली असावी.

सहाव्या गाडीला स्कॅनर लावला तर एकही एरर कोड नव्हता. पण त्याच स्कॅनरवर एक यादी असते, गाडीने कोणकोणत्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात त्याची. कोड पुसले की ती यादीही कोरी होते आणि पुरेसं चालवल्याशिवाय भरत नाही. इथे बहुतेक ओळींपुढे "तयार नाही". म्हणजे आम्ही येण्याच्या जरा आधीच कुणीतरी पाटी पुसली होती. मी काही न बोलता निघाले. वाद घालून काय मिळणार होतं? सातवी आणि आठवी सांगण्यासारख्या नाहीत.

नववी मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्यासाठी मी जवळजवळ सही केली होती. वीस वर्षांची गाडी आणि रनिंग फक्त अठरा हजार. फोनवरच्या माझ्या प्रश्नाला मालक म्हणाला, "चालवतच नाही, तर टॉप-अप कशाला?" हेही पटण्यासारखं वाटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. गाडी झाकलेली. कापड ओढून काढलं आणि मी गप्पच झाले. सीटवर सुरकुती नाही, रेडिओ झाकणारी छोटी फळी विनाओरखडा, धातूच्या गिअरनॉबवरचे आकडे जसेच्या तसे. पट्ट्यासारखी पसरणारी ती डिजिटल आरपीएम रेघ उजळली तेव्हा भाच्यानेसुद्धा हातातला मोबाइल खाली ठेवला.

या वेळी मी एका स्वतंत्र मेकॅनिकला सोबत घेतलं होतं. तो बराच वेळ गाडीला हात न लावता नुसता बघत होता. मग ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून मला बोलावलं. नवीन ब्रेक ऑइल जवळजवळ पारदर्शक, फिक्या पिवळट रंगाचं असतं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी चालवा न चालवा, दर दोन-तीन वर्षांनी बदलायचं असतं. इथलं काळपट तपकिरी होतं आणि डबीच्या तळाशी गाळ. टायर मूळचेच, २००३ सालचे, रबर दगडासारखं. टप उघडून परत लावला तर घडीच्या जागी कापडाला बारीक चिरा. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे ऑइलचा ओला ओघळ. वापर नसल्याने सील सुकलेलं.

"ताई," हात पुसत तो म्हणाला, "ही गाडी जपलेली नाही. नुसती ठेवलेली आहे."

त्या दिवशी मी नाराज झाले, त्याच्यावरच जास्त. घरी येऊन मात्र माझी यादी फाडून टाकली. तिच्यात पहिली अट "रनिंग कमी" अशी होती. अठरा हजारांचा आकडा मला एवढा भुलवून गेला होता, की वीस वर्षांत कुणी एकदाही ब्रेक ऑइल बदललं नाही हे मला दिसूनही दिसलं नसतं.

दहावी गाडी चांगली होती. खरोखर चांगली. लीक-डाउन टेस्ट केली, म्हणजे प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती आणि कुठून गळते ते बघायचं. इनटेककडून फुसफुसली तर एक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर दुसरा, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंगा. चारही सिलिंडर घट्ट आणि एकमेकांच्या जवळ. मालक सरळ माणूस. मी म्हटलं, दोन दिवसांत कळवते. दोनाचे चार झाले. रंग मला हवा तो नव्हता, मागचा बंपर परत रंगवलेला होता, अजून एखादी दिसेल असं वाटत होतं. पाचव्या दिवशी फोन केला तर गाडी गेलेली. नऊ महिने ज्याला मी धीर म्हणत होते, ती त्या चार दिवसांत निव्वळ चालढकल होती, आणि आतून दोन्हींची चव अगदी सारखी लागते. तीन आठवडे मी जाहिराती उघडल्याच नाहीत.

अकरावी मी शोधली नाही. मेकॅनिकचाच फोन आला. "एक गाडी आहे, पण रनिंग ऐकून नको म्हणू नका." एक लाख बेचाळीस हजार. २००३ची, मागची काच काचेचीच. आधीच्या वर्षांत तिथे प्लास्टिक असायचं, ते पिवळं पडून तडकतं. मालक अडुसष्ट वर्षांचे, गाडी विकायचं कारण कंबर. इतक्या खाली बसलेल्या सीटमधून उठताना त्यांना आता दाराला धरावं लागत होतं.

फोनवर मी नेहमीचा प्रश्न विचारला. क्षणभर शांतता, मग कागदांची सळसळ. "गेल्या महिन्याच्या बारा तारखेला. दोनशे मिली. थांबा हं, त्याच्या आधीचं सांगतो."

आम्ही पोचलो तेव्हा गाडी सावलीत उभी होती आणि बॉनेट गार होतं. मी काही मागायच्या आधीच काका म्हणाले, "सकाळपासून सुरू केलेली नाही. गार इंजिनाचा आवाज ऐकायला हवा ना तुम्हाला." ते माझ्याशीच बोलत होते. भाच्याला त्यांनी एक खुर्ची दिली.

किल्ली फिरवून तांबडं बटण दाबलं. इंजिन लागलं, आणि आम्ही तिघं कान देऊन उभे. या इंजिनात टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर थकला की एक विशिष्ट खडखड येते. लहानपणी सायकलच्या चाकात पत्ता अडकवून फिरवायचो ना, तोच आवाज. आला नाही. "गेल्या वर्षी बदलला," काका म्हणाले आणि जुना टेन्शनर पिशवीतून काढून दाखवला. त्यांनी तो जपून ठेवला होता. का, कोण जाणे.

मग त्यांनी स्वतःहून दोष दाखवायला सुरुवात केली. टपाला डाव्या बाजूला बोटभर फाट, त्यांनी आतून ठिगळ लावून शिवलेली, टाके वेडेवाकडे. उजव्या मागच्या चाकाचं बेअरिंग साठच्या वेगाला गुणगुणतं. गार असताना दुसरा गिअर जरा कुरकुरतो, म्हणून पहिली पाच मिनिटं तो सावकाश टाकायचा. ड्रायव्हरच्या सीटची डावी कड घासून पांढरी झालेली. मी ऐकत होते आणि मनात एकेक गोष्ट ताडून बघत होते. त्यांनी सांगितलेल्या चारही गोष्टी होत्या आणि पाचवी मला सापडेना.

चक्कर मारायला निघालो तेव्हा ते शेजारी बसले. इंजिनाचं पाणी गरम झालं तरी ऑइल मागून गरम होतं, त्यामुळे कितीतरी वेळ त्यांनी मला चार हजारांच्या पुढे जाऊ दिलं नाही. माझा पाय आपोआप जड व्हायला लागला की ते नुसतं "हं" म्हणायचे. शेवटी मोकळा सरळ रस्ता आला आणि ते म्हणाले, "आता." दुसऱ्या गिअरमध्ये पट्टी सहा हजारांवर गेली, आवाजाने कूस बदलली आणि त्यापुढचे तीन हजार कसे गेले ते मला सांगता येणार नाही. काका खिडकीबाहेर बघत हसत होते.

वही नंतर मिळाली. शाळेची दोनशे पानी, पुठ्ठ्याला चिकटपट्टी लावलेली. पेन निरनिराळी, अक्षर वर्षागणिक थोडं मोठं होत गेलेलं. तारीख, किलोमीटर, ऑइल किती, टायरची हवा. मध्येच ब्रेक ऑइल, टॅपेट सेटिंग, प्लग. प्लगपुढे प्रत्येक वेळी "टॉर्क रेंचने", म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, असं लिहिलेलं, कारण या इंजिनात ढिला राहिलेला प्लग आटे घेऊन बाहेर उडू शकतो. मी पानं उलटत होते आणि सहा वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर थांबले: "चौथ्यातून पाचव्याऐवजी तिसरा लागला. ५,३०० होते, ६,८०० झाले. माझी चूक."

मी ती ओळ त्यांना दाखवली. ते चक्क ओशाळले. "भाचीला घेऊन निघालो होतो. बोलण्याच्या नादात झालं. काही होत नाही तेवढ्याने, पण लिहून ठेवलं."

६,८०० म्हणजे या इंजिनाला काहीच नाही. ते मलाही ठाऊक होतं, त्यांनाही. तरी मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह कव्हर काढलं, टॉर्च लावून सोळाही रिटेनर बघितले. एखादा तडकला तर त्यातल्या पाचरी इतरांपेक्षा खाली रुतलेल्या दिसतात. सगळ्या एका पातळीत होत्या. लीक-डाउनचे आकडे दहाव्या गाडीपेक्षा किंचित कमी चांगले. बेअरिंग बदलावं लागणार होतं, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर ओलसर होता. मी या वेळी दोन दिवस मागून घेतले नाहीत. भाव करायला तोंड उघडलं, तर काकांनी बेअरिंगचा आणि स्लेव्ह सिलिंडरचा खर्च आधीच वजा करून ठेवला होता.

निघताना त्यांनी डिकीत एक फनेल, अर्धा उरलेला ऑइलचा डबा आणि एक सुती फडकं ठेवलं. जुना टेन्शनर देऊ का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. मग वाईट वाटलं आणि घेतला.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरलं, आणि गाडी बाजूला सपाट जागी लावून मी इंजिन बंद केलं. ऑइल खाली उतरायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. भाचा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मावशी, बंद पडली का?"

मी बॉनेट उघडलं. डिपस्टिक बारीक, त्यात नितळ ऑइल, पहिल्यांदा काही दिसलंच नाही. काकांच्या फडक्याने पुसली, परत घातली, काढून उजेडात तिरपी धरली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला जवळ. तरी आणखी एकदा पुसली.